नाबोरसाठी शेकोटी

नोव्हेंबरात फुलपाखरं आली की आमच्या डोंगरात कुणी त्यांना फुलपाखरं म्हणत नाही. आपली गेलेली माणसं घरी आली, असंच म्हणतात. मी जंगलाची राखण करते. मला ती लांबून आलेली, दमलेली फुलपाखरंच दिसतात, पण तसं बोलून दाखवत नाही. उगाच कुणाचं मन कशाला मोडा?

त्या दिवशी सकाळी वरच्या रानातून धूर येताना दिसला. लाकूडचोर असणार म्हणून कोयता घेऊनच धावले. पाहते तर फरच्या सूचिपर्णी झाडाखाली हेनोवेवा शेकोटी पेटवून बसलेली. तिच्या मुलाच्या, नाबोरच्या बाप्तिस्म्याला मी त्याची धर्ममाता झाले, तेव्हापासून आम्ही एकमेकींना कोमाद्रे म्हणतो. कामासाठी सीमेपलीकडे उत्तरेला गेलेला नाबोर गेल्या हिवाळ्यात शिकागोत वारला. भाड्याच्या खोलीत, एकटा, थंडीने.

तरी माझं डोकं फिरलंच. फांद्या फुलपाखरांनी वाकल्या होत्या. शेकोटीच्या उबेने ती जागी होऊन उडत होती आणि जरा पलीकडे गेली की गारठून खाली पडत होती.

"विझव ती आधी, कोमाद्रे. मारतेयस तू त्यांना."

"माझं पोर तिकडे काकडून गेलं. इथेही काकडू देऊ?"

माझा राग तिथेच विरला. कोयता बाजूला ठेवून तिच्याशेजारी बसले आणि तिला समजावलं. थंडीत ती निपचित राहतात, म्हणून तर अंगातली चरबी वसंतापर्यंत पुरते. भलत्या वेळी ऊब मिळाली की जागी होऊन तीच उधळून बसतात. एकटं फुलपाखरू कडाक्याच्या थंडीत तगत नाही, म्हणून ती अशी एकमेकांना बिलगून, खोडाला चिकटून बसतात. कडेची वारा आणि दंव अंगावर घेतात, आतली वाचतात.

हेनोवेवाने वर फांद्यांकडे पाहिलं.

"तो आत असेल की कडेला?"

माझा यावर कधीच विश्वास नव्हता. पण तिच्या तोंडाकडे पाहून मला रडू आलं.

"आत आहे," मी म्हटलं. "अगदी आत. चारी बाजूंनी माणसं आहेत त्याच्या."

तिने मान हलवली. त्याच्यासाठी आणलेली मक्याची गरम पेज उचलली आणि आपल्या हाताने शेकोटीवर ओतली.