दुसरी सीट

फत्तेसिंगच्या अंगणातली ती लाल गाडी दोनच माणसांची होती. सीटा दोन, आणि सुट्या भागांचा संच मागवून ती जोडणारी माणसंही दोन: फत्तेसिंग आणि त्याच गल्लीतला गिरीराज. चामराजपेटेतली बाकीची माणसं रविवारी सिनेमाला जायची, हे दोघे गाडीखाली जायचे. बायका बोलून बोलून थकल्या. अखेर गाडी पहिल्या फेरीला तयार झाली, आणि नेमका तेव्हाच गिरीराजने मध्ये सुरज आणला.

सुरज पुण्याचा, हेब्बाळला गिरीराजच्या ऑफिसात नवा लागलेला. त्याला गाड्यांचं वेड होतं, बोलणं गोड होतं, आणि त्याच्या विनोदांना गिरीराज जरा जास्तच हसायचा. फत्तेसिंगच्या पोटात दुखायला तेवढं पुरलं. आयुधपूजेच्या दिवशीसुद्धा गिरीराज त्या सुरजकडेच जेवायला गेला. मग फत्तेसिंगने एकट्याने गाडी पाइप लावून धुतली, अंगण उताराचं म्हणून हँडब्रेक खेचला, तोही राग काढल्यासारखा, आणि गाडीला नि पान्यांना हळदकुंकू, फुलं वाहिली. पूजेला मांडलेलं हत्यार आणि वाहन दसरा उलटेपर्यंत हलवायचं नाही, ही त्याच्या घरची रीत. गाडी ओलीच उभी राहिली.

आज सकाळी दोघं यायच्या आधी त्याने हँडब्रेक सोडला आणि गाडी ढकलून पाहिली. मागची चाकं ढिम्म. काय झालं ते त्याला लगेच कळलं. हँडब्रेक ओढलेलाच राहिल्याने ब्रेकचे लायनर चाकांच्या ओल्या ड्रमला गंजून चिकटले होते. हातोडीचे चार ठोके घातले की काम झालं असतं. तेवढ्यात फाटकाशी गिरीराज आला, मागोमाग सुरज, काखेत नवं कोरं हेल्मेट. पहिल्या फेरीला दुसऱ्या सीटवर कोण बसणार, ते फत्तेसिंगने त्या हेल्मेटवरून ठरवून टाकलं. तो गप्प बसला.

मग शोध सुरू झाला. गाडी जॅकने उचलून लोखंडी घोड्यांवर चढवली, मागची चाकं उतरवली. मागच्या चाकांमधल्या गिअरच्या डब्यात, डिफरन्शियलमध्ये, काहीतरी अडकलं असेल, असं सुरजने सुचवलं. त्यातलं तेल काढलं, ते स्वच्छ निघालं. गिरीराजने इंजिनाकडून येणारा शाफ्टही सोडवला, तरी अ‍ॅक्सल फिरेना. फत्तेसिंग मागितलेला पाना निमूट देत होता आणि मनातून सुखावत होता. सुरजचा पांढरा शर्ट काळ्या तेलाने माखलेला बघून तर त्याला चहा जास्तच गोड लागला.

दुपार कलली तसा गिरीराज जमिनीवरच बसला.

"बेअरिंगं गेली, अण्णा," तो म्हणाला. "दोन्हीकडची मीच ठोकून बसवली होती. तू स्वल्प थांब म्हणत होतास, मी ऐकलं नाही. माझ्यामुळेच झालं."

फत्तेसिंगला वाटलं होतं, हे ऐकून बरं वाटेल. तसं काही वाटलं नाही.

"सुरजला मुद्दाम बोलावलं होतं," गिरीराज हात पुसत म्हणाला. "तो बाइकवरून पुढे जाऊन आपल्या दोघांचा गाडीतला फोटो काढणार होता. जाऊ दे आता."

फत्तेसिंग उठला. त्याने हातोडी घेतली आणि ड्रमच्या कडेने ठोके घालत गेला. कट् झालं आणि ड्रम सुटला. दुसराही सुटला. गिरीराजने तो हाताने फिरवून पाहिला, आणि बराच वेळ नुसता फिरवत राहिला.

"तुला केव्हा कळलं?"

आत्ताच सुचलं म्हणता आलं असतं. पण इतक्या वर्षांत त्या दोघांनी एकमेकांशी गाडीबद्दल खोटं बोललेलं नव्हतं.

"सकाळी," फत्तेसिंग म्हणाला. "तुम्ही यायच्या आधी."

गिरीराजने आवाज चढवला असता तर फत्तेसिंगला सोसलं असतं. तो नुसता "सरी" म्हणाला, ठीक आहे, एवढंच. तिघांनी मिळून सगळं पुन्हा जोडलं, तेल भरलं, चाकं चढवली. एरवी काम करताना चालायची ती थट्टा आज झाली नाही. गाडी पहिल्याच झटक्यात सुरू झाली. गिरीराजने आत बसून पलीकडचं दार उघडलं.

"सुरज, तू बस. फोटो अण्णा काढेल."

सुरज अवघडला. फत्तेसिंगने त्याच्या हातातला मोबाइल घेतला, फाटक उघडलं आणि दोघांचा फोटो काढला.