अडतीस यार्ड

अंतर मोजायची तीन मशीनं काउंटरवर मांडली होती आणि तिन्हींत मी खोट काढली होती. पहिलं जड, दुसरं फारच हलकं, तिसऱ्याचं बटण नको तिथे. दुकानदार अ‍ॅलन बिचारा सभ्य माणूस. शिकाऱ्यांसाठी हे घ्या, झाडीतून पलीकडचं हरण टिपतं; तिरंदाजांसाठी ते, अर्ध्या यार्डापर्यंत अचूक, असं समजावत राहिला. नाचता येईना अंगण वाकडं, हे ग्लासगोच्या माणसाला कुठून माहीत असणार!

मला दिसतच नव्हतं. लेझर रेंजफाइंडरमधून पाहिलं की समोरच्या वस्तूचं अंतर मधोमध आकड्यात उमटतं, आणि माझ्या दोन्ही डोळ्यांना नेमकं मधलंच दिसेनासं झालं होतं. कडा दिसायच्या, मधे राखाडी डाग. वर्ष होत आलं होतं. कुणाला सांगितलं नव्हतं. चष्म्याच्या दुकानात कोट टांगायच्या निमित्ताने मी तक्त्याशी गेलो आणि खालच्या दोन ओळी पाठ करून खुर्चीत बसलो. पाढे, श्लोक, सनावळ्या घोकून पास झालेली आमची पिढी. दहा-बारा इंग्रजी अक्षरांची काय मातब्बरी?

तिरंदाजीच्या क्लबातही तेच केलं. रानात वीस ठिकाणी फोमची हरणं-डुकरं उभी असतात, अंतर नजरेने जोखायचं आणि बाण सोडायचा. मी वीसही अंतरं पाठ केली होती. लोक म्हणायचे, शशिधरची नजर म्हणजे नजर! मीही फुगायचो. माझी बायको मधुमती गेल्यापासून आठवड्यात मला कुणी नावाने हाक मारायचं ते फक्त रविवारी, त्या रानात.

मग २००७च्या वसंतात क्लबाने सगळी हरणं हलवली. पहिल्याच रविवारी माझा बाण हरणावरून पायवाटेपलीकडे गेला. तिथून एक बाई कुत्रा घेऊन चालली होती. तिला लागला नाही, एवढंच. सेक्रेटरी म्हणाला, “यापुढे अंतर मोजून मार, नाहीतर मारू नकोस.”

म्हणून ग्लासगोतच वाढलेली माझी मुलगी ईशानी मला या दुकानात घेऊन आली होती. माझी कुरकुर ऐकून अ‍ॅलन आम्हाला मागच्या आवारात घेऊन गेला. समोरची विटांची भिंत दाखवून बोलता बोलता म्हणाला, ती अडतीस यार्डांवर आहे. झालं, माझं काम झालं! तिन्ही मशीनं पुन्हा एकेक करून डोळ्याला लावली आणि तिन्ही वेळा ठणकावून सांगितलं, “थर्टी एट.”

ईशानी आत जाऊन चौथं घेऊन आली.

“बाबा, हा लास्ट वन ट्राय करा. काय नंबर आली?”

“अडतीस. हेच घेऊ. एकदम क्लिअर आहे.”

मग माझा हात धरून तिने तळव्यावर काहीतरी छोटंसं, गार ठेवलं.

“बॅटरी मी काढला होता, बाबा.”

अ‍ॅलन काहीतरी आणायच्या मिषाने आत सटकला. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. धनुष्य गेलं, हे तिथेच कळलं. आता रविवार कुठे काढायचा ते मला माहीत नव्हतं, आजही नाही.

“हाउ लाँग?” तिने विचारलं.

“वर्ष.”

“डॉक्टर काय म्हणाला?”

“गेलो नाही.”

“वर्षभर? अर्ली गेलो असतो तर काहीतरी करता आला असता, बाबा! आणि ती लेडी? तिला लागला असता तर?”

“सांगितलं असतं, तर तू धनुष्य काढून घेतलं असतंस.”

“येस. घेतला असता.”

मी तिच्याकडे पाहिलं. दोन बाजूंना कानातले दिसले, वर केस, खाली स्कार्फ. मधे काही नाही. चिडली आहे की रडते आहे, समजेना. माझ्यापासून दोन पावलांवर उभी होती ती.

शेवटी विचारलंच. “ईशू, रडतेयस का गं?”

तिने उत्तर दिलं नाही. मान हलवली असेल कदाचित.