नंबराशिवाय उघडलेलं कुलूप

मित्रांनो, मी एक जुनं कुलूप आहे. जुनं म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे गंजलेलं, पितळी, किल्लीवालं कुलूप आलं असेल. तसा मी नाही. माझ्या अंगावर आकड्यांची बटणं आहेत. नंबर दाबला की हिरवा दिवा लागतो, 'टिंग' वाजतं आणि दार उघडतं. वय म्हणाल तर जेमतेम सहा वर्षं, पण आमच्या जातीत तेवढ्यात म्हातारपण येतं. सध्या मी एका माळ्यावर, फाटक्या गाद्यांशेजारी, पुठ्ठ्याच्या खोक्यात पडून आहे. माझे सेल काढून घेतलेत. मनातला राग मात्र जसाच्या तसा आहे, आणि आज तो मी बोलून टाकणार आहे.

माझं धड चाकणकडच्या एका छोट्या कारखान्यात तयार झालं. डोकं मात्र लोणावळ्यात घडलं. माझ्या पोटातलं सॉफ्टवेअर तिथल्या सुश्रुत नावाच्या इंजिनियरने लिहिलं. लोणावळ्यातला चिक्कीवाला आपल्या पाकाचं माप सख्ख्या जावयालाही सांगत नाही. सुश्रुतने नेमकं उलटं केलं. आपण लिहिलेली ओळन् ओळ त्याने इंटरनेटवर सगळ्यांसाठी उघडी ठेवली. वाचा, चुका काढा, सुधारा, फुकट वापरा! याला ओपन सोर्स म्हणतात. तुम्हाला वाटेल, कुलपाची अक्कल अशी चव्हाट्यावर मांडली तर चोरांचं फावेल की. पण अनेकांच्या नजरेखालून गेलं की चूक फार दिवस लपत नाही. चूक सापडली की दुरुस्ती करायची आणि ती लगेच सगळ्यांना द्यायची, ही तिथली रीत. बघता बघता सुश्रुतचं सॉफ्टवेअर लॉजच्या खोल्यांत, दवाखान्यांच्या औषधांच्या कपाटांत, परदेशातल्या घरांत जाऊन पोहोचलं.

मला त्याने आपल्या काकांच्या बंगल्याला बसवलं. गंगाधरकाका आणि अरुंधतीकाकू राहायचे पुण्याला. बंगला लोणावळ्याजवळच्या औंढे गावाच्या वाटेवर, भातखाचरांना लागून. शनिवार-रविवारी तो पाहुण्यांना भाड्याने द्यायचे. पाहुण्यांना तात्पुरता नंबर मिळायचा आणि सोमवारी तो पुसला जायचा. कायमचे नंबर दोनच, एक काका-काकूंचा आणि एक लीलाबाईंचा.

लीलाबाई औंढ्याच्या. घरची थोडी शेती बघून त्या बंगला सांभाळायच्या. झाडलोट, पाहुण्यांचा चहा-नाश्ता, बाग, सगळं त्यांच्याकडे. रोज सकाळी ओल्या फडक्याने माझं तोंड पुसायच्या. "लय मळलास रं, कुणी खरकट्या हातानं बटनं दाबली?" असं माझ्याशी बोलायच्या. पाहुणे मला लाथा घालायचे, माकडं माझं झाकण कुरतडायची, आणि लीलाबाई हातात खराटा घेऊन माकडांना शिव्या घालत धावायच्या. मित्रांनो, वस्तूला माया कळत नाही असं म्हणणाऱ्याला वस्तूंची काही माहिती नसते.

सुश्रुतला त्यांनी लहानपणी कडेवर खेळवलेलं. तो त्यांना लीलामावशी म्हणायचा, त्या त्याला सुशा म्हणायच्या. मधल्या वारी बंगला रिकामा असायचा. तेव्हा तो लॅपटॉप घेऊन व्हरांड्यात येऊन बसायचा, माझ्यापासून हातभर अंतरावर. म्हणून पुढचं सगळं मला ऐकायला मिळालं. न मिळतं तर बरं झालं असतं.

एके दिवशी त्याला दिल्लीहून ईमेल आला. पाठवणारं सरकारचं गुप्त माहिती काढणारं खातं होतं. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये एक कच्ची जागा आहे, असं त्यांनी लिहिलं होतं, आणि सोबत तिची दुरुस्तीही पाठवली होती. सुश्रुतची बहीण अनुष्का त्याच्याच कामातली. ती ऐकूनच हसली.

"दादा, दुसऱ्याच्या घरात डोकावणं हा ज्यांचा धंदा, ते तुला कडी दुरुस्त करून देतायत? फुकट?"

"तू वाचून बघ ना. उघडंच आहे सगळं."

दोघांनी ती दुरुस्ती ओळन् ओळ तपासली. कुठे खोट नव्हती. खरोखरच चांगलं काम होतं. जगभरच्या लोकांनी शाबासकी दिली. मग त्या खात्याचे एक साहेब स्वतः भेटायला आले. नागपूरकडचे, मराठी बोलणारे, पायातले बूट बाहेर काढून बसणारे. लीलाबाईंना त्यांनी "मावशी, असा चहा दिल्लीत नाही मिळत हो" म्हटलं, आणि लीलाबाई खूश! सुश्रुतच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "तुमच्यासारखी माणसं देशाला पाहिजेत. पुढे काही सापडलं तर आधी आमच्या कानावर घाला." सुश्रुतने तिथल्या तिथे शब्द दिला; त्याला आभाळ ठेंगणं झालं. खरं सांगतो, मीसुद्धा भारावलो होतो. आपल्या मागे एवढं मोठं खातं उभं आहे, आता आपल्याला कोण हात लावणार, असं मला वाटलं.

पुढच्या पावसाळ्यात दुसरी कच्ची जागा सापडली. ती सुश्रुतला स्वतःलाच सापडली. व्हरांड्यात बसल्या बसल्या त्याने लॅपटॉपवरून मला एक संदेश पाठवला आणि मी टिंग करून उघडलो. नंबर नाही, काही नाही! त्याने परत पाठवला. मी परत उघडलो. माझ्याच दिव्याची मला शिसारी आली.

त्याने दोन दिवस खपून दुरुस्ती लिहिली. आता रीतीप्रमाणे ती सगळ्यांना द्यायची. पण शब्द दिलेला ना! त्याने आधी साहेबांना फोन केला. साहेब दुसऱ्याच दिवशी हजर.

"कमाल केलीत," ते म्हणाले. "फक्त ही दुरुस्ती सध्या बाहेर काढू नका. असल्या कुलपांमागे काही माणसं बसलीयत आणि आम्हाला त्यांच्या घरात जायचंय. यापेक्षा जास्त मी सांगू शकत नाही. देशाचं काम आहे. थोडे महिने थांबा."

"पण सर, तोवर दुसऱ्या कुणाला सापडलं तर?"

"तुम्ही बनवणारे, तुम्हाला सापडायला इतकी वर्षं लागली. दुसऱ्या कुणाला कसं सापडणार?"

"निदान या एका कुलपात तरी घालतो. काकांचं घर आहे."

"नको. एका कुलपात बदल दिसला की लोक खोदायला लागतील. विश्वास ठेवा हो आमच्यावर."

विश्वास! ते हे माझ्यासमोर, माझ्याच दारात बसून बोलत होते आणि आत लीलाबाई त्यांच्यासाठी पोहे परतत होत्या. संध्याकाळी अनुष्काने सुश्रुतला फैलावर घेतलं. "ज्यांच्या दाराला भोक आहे त्यांना ते माहीत नाही, आणि ज्यांना त्या भोकातून आत शिरायचंय त्यांना तू सांगून मोकळा!" सुश्रुत चिडून म्हणाला, "ते काय चोर आहेत? सरकारी माणसं आहेत, आपलीच आहेत." अनुष्काने त्याच्याशी बोलणं टाकलं. तिनेही बाहेर कुणाला सांगितलं नाही हे मला आवडलं नाही, पण दादाचा शब्द मोडायचं तिच्या जिवावर आलं असावं.

दिवाळीनंतर काका-काकूंच्या नातवाचं बारसं बंगल्यावर झालं. घाईगर्दीत अरुंधतीकाकूंच्या पाटल्या आणि त्यांच्या आईचा तन्मणी वरच्या कपाटात राहून गेला. काकूंनी लीलाबाईंना फोन केला. "लीलाबाई, दागिने तिथेच राहिलेत. रविवारी येऊन नेते. तेवढं लक्ष ठेवा." लीलाबाई म्हणाल्या, "तुमी नगा घोर लावून घिऊ. मी हाये नव्हं."

त्याच आठवड्यात भर दुपारी एक मोटार आली. लीलाबाई भाताच्या झोडणीला शेतावर गेल्या होत्या. टोपी घातलेले दोन तरुण उतरले. दिसायला अगदी सहलीला आलेले. एकाने पिशवीतून लॅपटॉप काढला. सुश्रुतने पाठवला होता तोच संदेश माझ्याकडे आला. दुसऱ्या कुणाला सापडणार नाही म्हणे; या दोघांना सापडलं होतं. मी जीव खाऊन घट्ट धरायला बघितलं, मित्रांनो, पण माझ्यात जे लिहिलंय त्यापलीकडे मला काही करता येत नाही. टिंग! हिरवा दिवा लागला. ते कपाटं धुंडाळून, हाती लागलेले दागिने घेऊन बाहेर आले, दार नीट ओढून घेतलं आणि निघून गेले.

रविवारी बोंब झाली. पोलीस आले. कडी-कोयंडा तुटलेला नाही, काच फुटलेली नाही. कायमचे नंबर दोनच, आणि दागिने इथे आहेत हे घरच्यांखेरीज एकाच बाईला माहीत. फौजदार तरी दुसरं काय म्हणणार? व्हरांड्यात सगळे उभे होते. लीलाबाई पदराचं टोक मुठीत धरून म्हणत होत्या, "काकू, माज्या नातवाची आन घिऊन सांगते, मी कपाटाला हात सुदिक लावला न्हाई." काकू रडत होत्या, पण "तुमच्यावर आमचा संशय नाही" हे वाक्य काही त्यांच्या तोंडून निघालं नाही.

फौजदार सुश्रुतकडे वळले. "हे कुलूप तुमचं ना? नंबराशिवाय उघडतं का?"

मला वाटलं, आता सांगेल. मी वाट बघत होतो. लीलाबाईंनीही त्याच्याकडे बघितलं, किती भरवशाने बघितलं! सुश्रुत म्हणाला, "नाही... म्हणजे, तसं उघडायला नको."

झालं. फौजदारांनी मान हलवली आणि लीलाबाईंना गाडीत बसवलं.

त्यांना कुणी मारलं नाही, अटकही केली नाही. पण परत परत चौकशीला बोलावलं. औंढ्यात त्यांच्या घराची झडती घेतली, लग्नातल्या ट्रंकेतली लुगडी अख्ख्या आळीसमोर उपसली. आसपासच्या आणखी दोन-तीन बंगल्यांची कामं होती, तीही सुटली. गावात त्या आल्या की बायका बोलायच्या थांबायच्या. हे सगळं मला निलेशकडून कळलं. काकांनी नंतर ठेवलेला तो माळी फोनवर कुणाकुणाला मिटक्या मारत सांगायचा. माझं तोंड त्याने कधी पुसलं नाही.

आणि सुश्रुत? तो साहेबांना फोन करत राहिला. "सर, एका निरपराध बाईवर आळ आलाय. आता तरी सांगू दे." तिकडून उत्तर यायचं, "आम्हाला वाईट वाटतं. पण एकीसाठी एवढं मोठं काम उधळायचं का? थोडंच राहिलंय." तो फोन ठेवून डोकं धरून बसायचा. मला त्याची कणव यायची नाही. बोलायला त्याला तोंड होतं. मला नव्हतं.

शेवटी परदेशातल्या कुणा तिऱ्हाइताला तीच जागा सापडली आणि त्याने ती जगजाहीर केली. तासाभरात सुश्रुतने दुरुस्ती सगळ्यांसाठी सोडली. तयारच तर होती! लोकांनी वाहवा केली, काय झटपट काम! साहेबांचा नंबर लागेना. खात्याने एका ओळीत कळवलं की आम्ही असं काही सांगितलेलं नाही.

तेव्हा सुश्रुतने काकांना सगळं सांगितलं. काका गाडी घेऊन औंढ्याला गेले आणि लीलाबाईंना घेऊन आले. त्या खूप वाळल्या होत्या. काकूंनी नवं लुगडं पुढे केलं. काका म्हणाले, "लीलाबाई, माफ करा. चूक या कुलपाची होती."

लीलाबाईंनी लुगड्याला हात लावला नाही. त्यांनी सुश्रुतला विचारलं, "सुशा, तुला कवा कळलं ह्ये?"

"पावसाळ्यात, मावशी."

"म्हंजी चोरीच्या आदी?"

"...हो."

"त्या दिशी फौजदारानं इचारलं, तवा तुला ठावं व्हतं?"

"त्यांनी सांगितलं होतं, कुणाला बोलायचं नाही. देशाचं काम—"

"कुलपाला बोल लावू नगा काका," त्या शांतपणे म्हणाल्या. "त्येला काय कळतंय? ह्येला कळत व्हतं." आणि चालत निघून गेल्या. काका गाडी काढतो म्हणत मागे धावले, तरी थांबल्या नाहीत. सुश्रुत पायरीवर बसून हमसून हमसून रडला. मी त्याला रडू दिलं.

माझ्यावरून काकांचं मन उडालं. त्यांनी मला उतरवलं आणि बाजारातून लोखंडी कुलूप आणलं. तेव्हापासून मी इथे आहे.

मित्रांनो, ते साहेब दुष्ट होते असं मी म्हणत नाही. पहिली दुरुस्ती त्यांनी मनापासून दिली होती. पण कुलपं पक्की करणं आणि कुलपं गुपचूप उघडणं ही दोन्ही कामं त्यांच्या एकाच खात्यात होती, आणि दोन्हीची गाठ पडली तेव्हा त्यांनी कुठलं निवडलं ते तुम्ही ऐकलंत. तुमच्यापैकी कुणी मोठेपणी सुश्रुतसारखं काम करेल. दाराला भोक सापडलं तर ज्याचं दार आहे त्याला आधी सांगा. मग दिल्लीला सांगा, फौजदाराला सांगा, हवं त्याला सांगा. आणि कुणी भला माणूस बूट काढून तुमच्यासमोर बसला आणि "थोडं थांबा" म्हणाला, तर त्याला एवढंच विचारा की थांबायचं ते कुणाच्या जिवावर? आमच्या व्हरांड्यात हे कुणी विचारलं नाही. लीलाबाई तर तेव्हा आत पोहे करत होत्या.