अगं, दूध!

"हा आणखी एक!" भाचीने पडद्यावरचा रेडिओ बंद केला. "मावशी, कॉम्प्युटर सुरू केला की हे सगळे न बोलावता उठून बसतात. हवामान काय, बुद्धिबळ काय! काकांनी जमवलेले फुकटे पाहुणे नुसते. त्यांच्यामुळे तुझं घोडं अडतंय."

"दे बाई हाकलून सगळ्यांना," कप विसळता विसळता मावशी म्हणाली.

काका गेल्यावर तिने हे काम धरलं होतं. सकाळच्या बातम्या ऐकायच्या आणि ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी लगोलग टाइप करायच्या. कॉम्प्युटर रखडल्यामुळे दोनदा उशीर झाला होता. आता झाला तर काम गेलं, असं ऑफिसने तोंडावर सांगितलं होतं. शेवटी एक बिननावाचा प्रोग्रॅम उरला. भाचीने तोही बंद केला आणि ती घरी गेली.

सकाळी मावशीने दूध तापत ठेवलं, कॉम्प्युटरचं बटण दाबलं आणि खुर्चीत टेकली. रोज तो कुरकुरत उठेपर्यंत तिला गोड डुलकी लागायची. त्या डुलकीत घर पहिल्यासारखं असायचं. आतल्या खोलीत खोकला, मग पेपरची सळसळ. उजेड खिडकीच्या पडद्यातून हळूहळू आत झिरपायचा आणि तेवढ्यात काकांचा आवाज यायचा, "हॅलो, हॅलो... अगं, दूध! दूध गेलं!"

नवा माइक आणला तेव्हा काका तो तपासत होते आणि नेमकं दूध उतू गेलं होतं. ते बोलणं त्यांनी बायकोला चिडवायला तसंच कॉम्प्युटरला लावून ठेवलं. ते गेले, तरी आवाज रोज येत राहिला. ती दचकून उठायची आणि गॅस बंद करायची. तो आवाज कॉम्प्युटरच्या अंगचाच आहे, असं ती धरून चालली होती.

आज मात्र डुलकी लागायच्या आत पडदा उजळला. बातम्या सुरू झाल्या, तिची बोटं भराभर चालू लागली. एक शब्द सुटला नाही. जळका वास आला तेव्हा दूध ओट्यावरून खाली ओघळत होतं.

फडकं घेऊन ती खाली बसली आणि हमसून हमसून रडली. काका गेले त्या दिवशीसुद्धा ती अशी रडली नव्हती.

तिने भाचीला फोन लावला.

"वेळेवर झालं ना गं काम?"

"झालं. पण आमचे हे बोलायचे, ते कुठे गेलं?"

"ते काका होते? अगं, मी उघडूनही बघितलं नाही!"

"तेवढं परत लाव. उशीर होत असेल तर मी लवकर उठेन."

"त्यांच्या एकट्यामुळे कुठला उशीर होतोय, मावशी?"

संध्याकाळी येऊन भाचीने ते लावून दिलं.

दुसऱ्या दिवशी पडदा चटकन उजळला. "हॅलो, हॅलो... अगं, दूध! दूध गेलं!"

"आले, आले! ओरडू नका," म्हणत मावशी लगबगीने ओट्याशी गेली. सांडलेल्या दुधाच्या नादात काल नवं आणायचंच राहिलं होतं. शेगडी रिकामी होती. तरी तिने गॅसचं बटण चाचपून पाहिलं आणि मग ती कामाला बसली.