चकती लाल, चकती निळी

चकती निळी झाली आणि सभागृहात एकच जल्लोष उसळला. कारखान्याच्या मुकादमाने शेजाऱ्याची टोपी हवेत उडवली. मागच्या रांगेतले दोघे तर, अजून लग्न ठरायचं होतं तरी, होणाऱ्या मुलांसाठी नंबर लावायला धावले.

व्यासपीठावर गुणाचार्य उभे होते. ही पदवी त्यांनी स्वतःच स्वतःला दिलेली. अंगात पांढरा कोट, हातात रबरी मोजे आणि जिभेला तेल.

“बोला, बोला! मूल कसं हवंय? उंच? हुशार? माणसाचे गुण म्हणजे माळेतले मणी. नको तो काढू, हवा तो ओवू! गणित घेणाऱ्याला गोड गळा मोफत! चकती लाल, पिढ्यांचे हाल. चकती निळी, उमलली कळी!”

“नाक तेवढं माझ्यावर जाऊ देऊ नका हं,” एक बाई लाजत म्हणाली.

“ताई, तुमचं नाक दारातूनच दिसलं. अर्क आधीच दुप्पट काढून ठेवलाय.”

हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं.

रीत सोपी होती. आधी ‘शुद्धिवटी’ चघळायची. मग सोनेरी काठाच्या, गुलाबपाण्याचा वास येणाऱ्या निळ्या चकतीवर थुंकायचं. चकती लाल झाली की रक्तात दोष. त्यावर ‘गुणार्का’चा थेंब टाकला की चकती पुन्हा निळी, दोष गायब. मग तोच अर्क होणाऱ्या आईने चाळीस दिवस प्यायचा.

दुसऱ्या गावात कुणी शंका काढली असती. पण हे गाव कापड रंगवणाऱ्यांचं. इथे दोघांत वाद झाला, तर टेबलावर नमुन्याचा तुकडा ठेवायचा आणि गप्प बसायचं. ‘माणूस खोटं बोलेल, रंग बोलणार नाही,’ यावर गावाची चूल पेटत होती. मग डोळ्यांदेखत रंग पालटल्यावर कोण काय बोलणार?

पुढचा नंबर एका जोडप्याचा होता. तो रंगपारखी. हजार छटांतली चुकार छटा नजरेने टिपणारा. ती तपासनीस. रंगाच्या टाक्यांत कागदाच्या पट्ट्या बुडवून पाणी आंबट आहे की सोड्यासारखं खारं, हे पाहणारी. तिला चौथा महिना होता.

रंगपारखी तोतरा होता. शब्द त्याच्या ओठांशी आला की नव्या पाहुण्यासारखा उंबऱ्यावर घुटमळायचा. तिला ते घुटमळणं आवडायचं. तो ‘तू’ म्हणायला जेवढा वेळ घ्यायचा, तेवढ्यात तिला वाटायचं, आपल्यासाठी कुणी इतका वेळ खर्चलाच नव्हता. पण त्याला मात्र शाळेतल्या मागच्या बाकांवरचं हसू अजून ऐकू येई.

“मा... माझं हे बाळाला न... नको,” तो तिला म्हणाला होता. त्या डोळ्यांपुढे तिला नाही म्हणवलं नाही. सासूबाई तर पहाटेच रांगेत जागा धरून बसल्या होत्या.

तिने शुद्धिवटी तोंडात टाकली आणि डोळेच मिटले. आंबट! चौथ्या महिन्यातल्या जिभेला याहून मोठं सुख कोणतं?

“अजून एक द्या ना.”

गुणाचार्य जरा बावरले. तिने तीन चघळल्या, चौथी हळूच अंगावरच्या एप्रनच्या खिशात टाकली. चकती अशी लाल झाली की पोपटाच्या चोचीने लाजावं.

“अरेरे! तोतरेपणा! तापटपणा! आळस! आणि... टक्कल!”

“टक्कल आमच्यात कुणालाच नाही हो.”

“यंदापासून सुरू होणार होतं!”

थेंब पडला, चकती निळी झाली. रंगपारख्याचे डोळे भरून आले.

“आणि दवाखान्यातल्या लोहाच्या गोळ्या आजपासून बंद,” गुणाचार्यांनी बजावलं. “गुणांवर गंज चढतो.”

तुमच्या अंगात रक्त कमी आहे, एक दिवसही गोळी चुकवू नका, असं डॉक्टरीणबाईंनी तिला दोनदा सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात तिने एप्रनच्या खिशातून तपासणीच्या पट्ट्या काढल्या. निळ्या पट्ट्या लालभडक! ओल्या हाताने चौथी वटी खिशातच विरघळली होती.

ती पट्ट्यांकडे बघत राहिली. मग टाकीचा काठ धरून हसत सुटली.

“काय झालं गं?” मुकादमाने विचारलं.

“माझ्या खिशाला तोतरं मूल होणार आहे, मुकादम!”

तिने पट्टीवर सोड्याच्या पाण्याचा थेंब टाकला. पट्टी निळी. आंबटात लाल, खाऱ्यात निळी. रोज शंभरदा पाहिलेलं! नुसता कागद गोल कापला, सोनेरी काठ लावला, तर आपण ओळखू नये? की नवऱ्यासाठी ओळखायचंच नव्हतं? तिचं हसू एकदम थांबलं.

घरी तिने सगळं सांगितलं. रंगपारखी मान हलवत राहिला. “रंग ख... खोटं बोलत नाही.”

“नाहीच बोलत! पण त्याला विचारलं काय, ते बघा ना. त्याला विचारलं, ‘आंबट आहे का?’ तो बिचारा ‘हो’ म्हणाला. तोतरेपणाचं त्याला कुणी विचारलंच नाही.”

संध्याकाळी ती एक बाटली घेऊन व्यासपीठावर चढली. “महाराज, हे जोडपं परगावी आहे. थुंकी पाठवलीय.”

चकती बुडाली, लाल झाली. गुणाचार्यांनी कपाळाला हात लावला. “वडिलांकडून तिरळेपणा, आईकडून चिडका स्वभाव!”

“वडील लिंबू आहेत,” ती म्हणाली, “आणि आई नळाचं पाणी.”

हास्याचा असा लोट उठला की खिडक्या थरथरल्या.

“विज्ञानाची विटंबना!” गुणाचार्य ओरडले.

“मुकादम, वर या. वटी न घेता चूळ भरा. थुंका आता चकतीवर.”

चकती निळीच्या निळी.

“मुकादम निर्दोष!” तिने जाहीर केलं.

“हे मात्र चमत्कारिक आहे!” मागून कुणीतरी ओरडलं. मग पुन्हा हसू. त्या हशात गुणाचार्य मागच्या दाराकडे सरकले, पण मुकादमाने त्यांचा कोट धरला आणि पोलिसांना फोन लावला.

तेवढ्यात रंगपारखी उभा राहिला. “प... पण अर्क खरा असता तर?” तो आईकडे वळला. “तू मा... मागितला असता ना? मग मी अ... असतो का?”

सासूबाईंनी पदराने तोंड पुसलं. “मी म्हटलं असतं, घडाघडा बोलणारा द्या. आणि त्यांनी दिला असता. पण तो भलताच कुणीतरी झाला असता रे! त्या परक्याला घेऊन मी काय करू?”

तपासनीस व्यासपीठाच्या कडेवर बसली. तिचे पाय आता दुखत होते.

“दवाखान्यात काही आजारांच्या तपासण्या होतात, त्या खऱ्या असतात. त्यांतून काय कळतं आणि काय नाही, दोन्ही डॉक्टर सांगतात. पण गळा, गणित, स्वभाव बाटलीत मिळत नाहीत. कुणी देतो म्हणाला, तर आधी विचारा: कशावरून? आमच्यासमोर पुन्हा करून दाखव, तुझी गोळी न घेता. आणि उद्या विज्ञानाला हे खरंच जमलं, तरी आणखी एक विचारा. हा बदल बाळासाठी मागतोय, की बाळाला हसणाऱ्यांसाठी? हसणाऱ्यांसाठी असेल, तर बदल हसणाऱ्यांत करूया. त्याला अर्क लागत नाही.”

घरी आल्यावर तिने लोहाची गोळी गिळली. रंगपारखी पाण्याचा पेला धरून उभा होता.

“त्... त्...”

ती हातातलं सगळं काम सोडून बसली. घाई कुणालाच नव्हती, पोटातल्यालाही.

“तू,” तो म्हणाला.