मापाची ऊब

तिने चपला काढून बाजूला ठेवल्या, पर्स दादाच्या हातात दिली आणि दुकानाच्या जमिनीवर अंथरलेल्या स्लीपिंग बॅगमध्ये शिरून गळ्यापर्यंत चेन ओढून घेतली.

“अगं, लोक बघतायत,” दादा दबक्या आवाजात म्हणाला.

“बघू देत. झोपायची वस्तू उभ्याने कशी घ्यायची?”

दादा ती पर्स दोन बोटांत धरून अवघडून उभा राहिला. एरवी तो कशाने अवघडणारा माणूस नव्हता. अर्धं आयुष्य त्याने डोंगरात काढलेलं. शहरातला गिर्यारोहणाचा क्लब त्यानेच उभा केला होता आणि साठी उलटली तरी चढाईत तरण्याताठ्यांना मागे टाकत होता. जमिनीवर पडलेली ही त्याची धाकटी बहीण एका बँकेच्या शाखेची मॅनेजर होती. तिच्या केबिनचं दार ढकलण्याआधी माणसं शर्ट नीट करून घेत. दादापुढे मात्र ती पन्नाशीतही ‘बारकी’च होती.

बॅगेत तिने एका कुशीवर वळून पाहिलं, गुडघे पोटाशी घेतले, पाय ताणले. पायाशी हातभर जागा रिकामी राहिली.

“ही नको. मोठी होतेय.”

“मोठी चांगली असते, बारके. हातपाय पसरून झोपता येतं.”

“आणि ती रिकामी जागा तापवायची कुणी? माझ्याच अंगाने ना?”

दुकानदाराने खोकल्याच्या मिषाने हसू गिळलं आणि फळीवरून आणखी एक बॅग काढली. विटकरी रंगाची, अंगाला चिकटून बसणारी. आत पिसं भरलेली होती. खोळीतून सोडवताच ती श्वास घेतल्यासारखी हळूहळू फुगत गेली.

“ही उणे पंधरापर्यंत चालते, मॅडम,” तो म्हणाला.

“चालते म्हणजे? झोप लागते की नुसता जीव वाचतो?”

दुकानदार गडबडला. त्याने शिवणीवरची पट्टी उलटी करून डोळ्यांजवळ नेली. आकडे दोन होते. ठळक आकडा कशीबशी रात्र काढण्याचा आणि त्याच्या वरचा बारीक आकडा सुखाने झोपण्याचा. तिने बारीक आकडा वाचला आणि मान डोलावली. महिनाभराने ज्या शिखरावर जायचं होतं, तिथल्या वरच्या कँपवरच्या थंडीला तो पुरून उरणार होता.

एवढी चौकशी करण्याचं कारण होतं. गेल्या वर्षी याच दिवसांत ती क्लबबरोबर पहिल्यांदाच बर्फाच्या शिखरावर निघाली होती. चालण्यात ती कमी पडली नव्हती. पण वरच्या कँपवर, दादाने स्वतः क्लबची बॅग घेऊन मोठ्या प्रेमाने दिलेल्या त्याच्या जुन्या बॅगेत, ती रात्रभर दातावर दात आपटत राहिली. सकाळी तिला बुटाची नाडीही बांधता येईना. क्लबची लीडर तिला घेऊन खाली उतरली आणि बाकीच्यांनाही शिखराचा नाद सोडावा लागला. कुणी तिला बोल लावला नाही. दादाने फक्त पाठीवर हात ठेवून म्हटलं होतं, “थंडी सोसणं रक्तात असावं लागतं.”

“रक्त तर आपलं एकच आहे, दादा,” असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तेव्हा तिचे ओठच हलत नव्हते.

घरी परतल्यावर बॅग परत करण्याआधी तिने ती खिडकीशी उजेडात धरली होती. आतली पिसं गोळे होऊन कोपऱ्यांत बसली होती आणि मधल्या कापडातून समोरची इमारत जवळजवळ दिसत होती. प्रत्येक मोहिमेनंतर वर्षानुवर्षं कपाटावर कोंबून ठेवलेली बॅग, तिच्यात ऊब उरणार कुठून? तरीही पुढचे कितीतरी दिवस आंघोळीचं पाणी जरा गार लागलं, तरी तिच्या मनात यायचं, दादा म्हणतो तेच खरं असेल का?

आता ती विटकरी बॅगेत शिरली. टोपडं डोक्यावरून घेऊन दोरी आवळली. फक्त नाक बाहेर राहिलं. कुशीवर वळली, तर बॅगही तिच्याबरोबर वळली. पायाशी जागा होती, पण बोटं हलवण्यापुरतीच.

“मॅडम? तुम्हीच ना?”

दारातून आलेले एक गृहस्थ वाकून पाहत होते. बँकेचे जुने खातेदार.

“नमस्कार,” टोपड्यातून आवाज आला. “सोमवारी या, तुमचं काम करून ठेवलंय.”

गृहस्थांनी नमस्कार केला आणि आल्या पावली ते बाहेर पडले. दादाने कपाळाला हात लावला.

“झालं समाधान? ही बाहुलीची पिशवी घेणार तू? अगं, वजन बघ. हातात लागतसुद्धा नाही. आणि पिसं भिजली की संपलं.”

“भिजू देणार नाही. खाली जाड चटई घेईन, वरून पाणी न शिरणारी खोळ. आणि वजन नाही, म्हणून तर घ्यायची. चढायचं मला आहे.” ती उठून बसली. केस विस्कटले होते, गाल लाल झाले होते. “दादा, तूही एक घे. खरंच सांगते, तुझी ती एकदा उजेडात धरून बघ.”

“माझी? ती बॅग तुझ्यापेक्षा जास्त डोंगर फिरलीय.”

“तेच म्हणतेय मी.”

पण दादा तिकडे दोरांच्या भावाची चौकशी करायला वळला होता.

महिनाभराने दोघं पुन्हा त्याच वरच्या कँपवर, एका तंबूत होती. सूर्य कड्यामागे गेला आणि थंडी तंबूत पाय पसरू लागली. तिने आल्याआल्याच बॅग उघडून फुगायला ठेवली होती. गरम सूप पिऊन, कोरडे मोजे चढवून ती आत शिरली. थोडा वेळ ती गेल्या वर्षीच्या थंडीची वाट पाहत राहिली. आधी पायांना सुरुवात होईल, मग कमरेत... पण पाय गरम होते. कमर गरम होती. ती वाट पाहता पाहताच झोपून गेली.

जाग आली तेव्हा तंबू थरथरत होता. वारा असेल म्हणून तिने कान दिला, तर बाहेर सगळं शांत. थरथर शेजारून, दादाच्या त्या जुन्या बॅगेतून येत होती.

“दादा?”

“काही नाही. झोप तू.” शब्द तुकड्यातुकड्यांनी आले.

ती उठली. स्टोव्ह पेटवून पाणी तापवलं, बाटलीत भरून त्याच्या पोटाशी दिलं, आपलं जाड जाकीट त्याच्या पायांभोवती गुंडाळलं. खिडकीतल्या उजेडाचा विषय तिने काढला नाही. दुसरा पेला साखर घालून पाजला, तेव्हा कुठे त्याचे दात वाजायचे थांबले.

निघायची वेळ झाली. लीडर टॉर्च घेऊन तंबूशी आली. तरुण मुलगी, दादाच्याच हाताखाली शिकलेली. दादा बुटांना बर्फात रुतणारे काटे बांधायला बसला होता, पण पट्टा कडीत जाईना. दोनदा निसटला. लीडर त्याच्यासमोर खाली बसली.

“दादा, आज तुम्ही कँपवरच थांबा.”

त्याने मान वर केली. त्यानेच तिला शिकवलं होतं की लीडरच्या शब्दापुढे वाद नाही. त्याने पट्टा सोडून दिला.

“स्वयंपाकी आहेच इथे, लक्ष ठेवेल,” लीडर म्हणाली.

बहिणीने हातातला दोर खाली ठेवला. “मी पण थांबते याच्याजवळ.”

“तू कशाला?” दादा एकदम खेकसला. “तू काय इथे बसून मला ऊब देणार आहेस?” मग जरा थांबून, दुसरीकडे बघत म्हणाला, “बॅग ठेव आणि जा.”

तिने विटकरी बॅग त्याच्याकडे सरकवली. मग तिने दोर उचलला.

वाट आधी बर्फाच्या उतारावरून गेली, मग अरुंद धारेवर आली. ती लीडरच्या पावलात पाऊल टाकत होती. श्वास लागत होता, मांड्या भरून येत होत्या, पण आतून ती ताजी होती. झोप झालेल्या माणसासारखी ताजी. गेल्या वर्षी इतरांचे पाय बघून तिला वाटलं होतं, ही माणसंच वेगळी आहेत. आता तिच्या मागे चालणारा एक जण थांबून थांबून विचारत होता, “बाई, जरा हळू घ्याल का?”

धारेवर ऊन आलं. बर्फ आधी निळा होता, मग गुलाबी झाला, मग त्याच्याकडे बघवेना. लीडर एका जागी थांबली आणि बाजूला सरली.

“पुढे तुम्ही व्हा.”

“अजून किती आहे?”

“बघा तरी.”

पुढे चढ नव्हता. पुढे काहीच नव्हतं. चारी बाजूंना डोंगर होते आणि सगळेच्या सगळे खाली होते. ती मधोमध उभी राहिली. काय करावं ते न सुचून तिने दोन्ही हात वर केले आणि पोट धरून हसायला लागली. मागून येणाऱ्या प्रत्येकाला ती हाताला धरून वर घेत होती आणि हसत होती. शाखेतल्या कुणी पाहिलं असतं, तर ओळखलं नसतं. वाऱ्याने डोळ्यांतलं पाणी गालावर पसरलं, तेही तिने पुसलं नाही.

“थंडी वाजतेय का?” लीडरने विचारलं.

“वाजतेय की!” ती ओरडून म्हणाली. “मस्त वाजतेय!”

उतरून कँपवर आली तेव्हा उन्हं कलली होती. स्वयंपाकी चहाचं भांडं घेऊन पुढे आला आणि त्याने ओठांवर बोट ठेवून तंबूकडे खूण केली. तिने दाराचा पडदा हळूच बाजूला केला.

दादा विटकरी बॅगेत झोपला होता. चेन छातीपाशी येऊन अडली होती, रुंद खांदे बाहेर राहिले होते आणि पाय आत मावावेत म्हणून त्याने गुडघे पोटाशी घेतले होते, लहान मुलासारखे. त्याचं घोरणं बाहेरपर्यंत येत होतं.

मागून लीडर आली. “उठवू का? सांगायला हवं ना त्यांना.”

“सांगू की. घाई काय आहे?”

तिने वाकून आपलं जाकीट त्याच्या उघड्या खांद्यांवर घातलं, कडा नीट खोचल्या आणि बाहेर उन्हात येऊन बुटांच्या नाड्या सोडायला बसली. बोटं भराभर चालत होती.