सातवी ओ

आमच्या बेटावर घरं सात, माणसं तीन घरांत. बाकीचे मानपाड्याच्या फ्लॅटमध्ये गेले. चारी बाजूंनी खाडी, डोंबिवलीचा धक्का होडीने वीस मिनिटं. तांदूळ, कांदे, अगदी कोथिंबीरसुद्धा होडीतून येते. मागच्या वर्षी वादळात चार दिवस होडी सुटली नाही. आम्ही चहात बिस्किटं बुडवून खाल्ली, मग बिस्किटंही संपली. मला ते फार लागलं.

म्हणून मी गावदेवीच्या ओट्यावर उभी राहून सगळ्यांसमोर बोलले. शाळेच्या प्रदर्शनात माईक हातात घेतल्यापासून मला बोलायची भीती वाटत नाही, उलट थांबवावं लागतं. म्हटलं, परसात भाजी लावू, कोंबड्या आहेत, मासळी आहे. राहिला भात. आपली खारजमीन बारा वर्षं पडून आहे, तिथे तो पिकवू.

"बी कोन देल? तुझी डोंबिवलीची उर्वी?" काळुराम आजा म्हणाला. माझ्या आजोबांचा हा धाकटा भाऊ. उर्वी म्हणजे माझी शाळेतली मैत्रीण. सगळे हसले.

दुसऱ्या दिवशी त्यानेच मडकं आणून दिलं. लाल भात, खारं पाणी सोसणारा. घरामागच्या वाफ्यात दरवर्षी मूठभर लावून त्याने जपलेला.

"सांभाल बाय. यो गेला का संपला."

खाडीचं पाणी अडवणाऱ्या बांधाची रीत अशी, की उधाणाचं पाणी चढलं की बांधकरी फिरणार आणि बांध फुटून खांड पडली की एकेका घराला हाक मारणार. ओ दिली की त्या घरचं माणूस फावडं घेऊन आलंच पाहिजे. खांडीवर प्रत्येक घराची जागा ठरलेली. शेवटचा बांधकरी नाथा. बारा वर्षांपूर्वी त्याच्या हाकेला कोणीच ओ दिली नाही. प्रत्येकाला वाटलं, दुसरं कोणी जाईल. पाणी ओसरल्यावर त्याचं फावडं मिळालं, तो मिळाला नाही.

ती जुनी खांड आम्ही उन्हाळाभर बुजवली. मोड आणलेलं बी चिखलात फेकलं, सगळं मडकं रिकामं केलं. कोवळं, हिरवं रोप वर आलं. हा भात मोठा झाला की खारं सोसतो, पण कोवळेपणी खाडी आत आली तर जळतो.

आषाढातल्या अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी मानपाड्याला बारसं होतं. सगळे गेले. बेटावर मी आणि काळूआजा. दुपारी बाराला, मी अंगणात वालाचा वेल बांधत असताना बांधाकडून हाक आली.

"भिवाचं घर होऽऽ"

भिवाकाकाच्या दाराला आठ वर्षं कुलूप आहे. मला वाटलं, आजा माझी परीक्षा घेतोय. मी मजेत ओरडले, "ओ."

"रतनचं घर होऽऽ"

"ओ."

अशा सहा घरांच्या ओ मी एकटीने दिल्या, त्यात आमचीही. मग आलं, "काळुरामचं घर होऽऽ". ती त्याने द्यायची, म्हणून मी थांबले. मागे वळले तर काळूआजा माझ्या पाठीमागे पायरीवर बसलेला. तोंड मिटलेलं, हातातली विडी विझलेली.

"कनाला वो दिलीस गो? बंद घरांची वो कोनी देत नाय."

"मग हाक कोण मारतोय?"

"बारा वरसं मारतंय," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "दर उधानाला. मना वाटलेलं मनाच ऐकू येतं."

मी फावडं उचललं आणि पळत सुटले. जुन्या जागीच खांड पडली होती, सात माणसं रांगेत उभी राहतील एवढी. पाणी रोपाकडे निघालेलं. मी आमच्या जागेवर चिखल टाकायला लागले. शेजारीही चिखल पडायला लागला. थप. थप. मी मान वळवली नाही. नुसती ऐकत राहिले. पाच फावडी, त्यातलं एक दमेकऱ्यासारखं थांबून थांबून.

खांड भरत आली. एकच फट राहिली, माणसाच्या अंगाएवढी. मी तिथे चिखल टाकला, वाहून गेला. दहा वेळा टाकला, दहाही वेळा गेला.

"काळुरामचं घर होऽऽ" आता अगदी कानाशी.

आजा बांधाखाली उभा होता, खांद्यावर फावडं. पाय उचलत नव्हता.

"मी घरानच होतो त्या दिशी," तो म्हणाला. "मॅच बघत होतो. ऐकलेलं मी."

"आजा, रोप जाईल. ओ दे."

पाण्याने कडेचं रोप झाकलं. मग तो असा ओरडला, की तिवरांतले बगळे उडाले. "वो, नाथा. आलो."

त्याने टाकलेला पहिलाच चिखल टिकला.

कडेचं रोप जळलं, बाकी भात जगला. दिवाळीआधी कापला. जो बांधावर आला त्याला वाटा, ही रीत. चार बंद उंबऱ्यांवर आम्ही एकेक सूप भात ठेवला, एक बांधावर. सकाळी पाचही सुपं रिकामी होती. पाखरं असतील, आई म्हणाली. बी मात्र आधीच मडक्यात भरून ठेवलं होतं.

आता उधाणाच्या दिवशी, दुपारच्या तासाला, मला डोंबिवलीच्या वर्गातसुद्धा हाक ऐकू येते. मी हळूच ओ देते.

"कोणाला गं?" उर्वी विचारते.

"घरून आहे," मी म्हणते, आणि काळूआजाची ओ येईपर्यंत पुस्तक उघडत नाही.